सरळ शिवणीखालची पाठ

माझी धाकटी बहीण रागीट आहे, असं कुणी सांगू लागलं की मला हसू येतं. मिठाला खारट म्हणण्यासारखंच ते. आमच्यात चांगलं एका पिढीचं अंतर. मी पहिल्यांदा राणी झाले त्या प्रयोगाला ती विंगेत आईच्या मांडीवर होती, आणि माझं सगळ्यांत करुण स्वगत तिनं भोकाड पसरून बुडवलं. पुढं मी जन्मभर राग विकला. सम्राज्ञीचा, सवतीचा, भर दरबारात अपमान झालेल्या सुनेचा. टाळ्या घेतल्या, तोंडाचा रंग पुसला आणि गरम गरम जेवायला बसले. हिचा राग पुसला जात नाही. तो घेऊन ती जेवते, झोपते आणि सकाळी तोच अंगावर घेऊन शाळेत जाते.

माध्यमिक शाळेत ती शरीर आणि आरोग्य शिकवते. मुलं तिला पाठीमागं ‘हाडंवाली बाई’ म्हणतात. तिला ते ठाऊक आहे, मनातून आवडतंही, पण हे मी सांगितलं असं कुठं बोलू नका.

तिचं पहिलं भांडण पट्टीशी झालं. त्या शाळेत शरीर शिकवायची एक ठरलेली रीत आहे. आकृती पेन्सिलनं काढायची, नावं उजव्या बाजूला एकाखाली एक लिहायची, रेघा पट्टीनं ओढायच्या आणि एका रेघेनं दुसरीला छेदायचं नाही. छेदलं की गुण गेला. हृदयातली झडप कशासाठी असते हे नाही कळलं तरी चालतं.

“वर्षानुवर्षं हृदय काढतात गं ताई,” ती घरात शिरून पिशवी आपटत म्हणायची. “लाल रंगवतात, निळं रंगवतात. आणि ‘आता तुझं दाखव’ म्हटलं की हात शर्टाच्या खिशावर! पेन अडकवलंय जसं काही तिथं! छातीच्या मधोमध असतं ते!”

म्हणून ती मुलांना जिन्यावरून पळवायची आणि मग मनगट धरायला लावायची. गिळताना घशावर बोट ठेवायला सांगायची. जबडा कुठं बिजागरीसारखा फिरतो ते कानापुढं चाचपायला लावायची. मुख्याध्यापकांना सगळे ‘मोठे सर’ म्हणतात. ते एकदा तिला म्हणाले, “बाई, तुमच्या तासाला वर्ग कमी आणि जिना जास्त वाजतो.”

“सर, हृदय बाकावर बसून वाजत नाही तेवढं.”

असा तिचा संसार. आणि अशाच एका तासाला पाठीचा कणा आला.

तिनं मुलींना मुलींबरोबर आणि मुलांना मुलांबरोबर जोडीनं उभं केलं. एकानं कमरेतून पुढं वाकायचं, हात लोंबते सोडायचे, दुसऱ्यानं सदऱ्यावरूनच मानेपासून खाली एकेक मणका बोटानं चाचपत जायचं. वर्ग खिदळत होता. गुदगुल्या होत होत्या. शेवटच्या बाकावरची एक मुलगी मात्र वाकायला तयार होईना. तिची आई शाळेचे गणवेश शिवायची, म्हणून वर्गात ती ‘शिंपीणबाईंची’. जोडीदारणीनं ओढलं तेव्हा एकदाची वाकली.

आणि सदऱ्याच्या आत, पाठीच्या एका बाजूला, बरगड्या उशीसारख्या वर आल्या. दुसरी बाजू खाली दबलेली. जोडीदारणीचं बोट सरळ खाली जायला निघालं होतं, ते वाटेत वळलं. “बाई, हिचे मणके कुठं गेले?” असं ती म्हणाली आणि मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

माझी बहीण त्या हसणाऱ्यावर अशी ओरडली, की शेजारच्या वर्गात फळा पुसणारा हात थांबला.

हे सगळं तिनं मला संध्याकाळी करून दाखवलं. घरातली नटी मी, पण प्रयोग नेहमी तिचेच. स्वतः वाकली, माझं बोट आपल्या पाठीवरून फिरवलं. मग खुर्चीत बसली आणि म्हणाली, “ताई, ही तीच मुलगी. टाकीपाशी उभी असते ती.”

आमची गॅलरी शाळेच्या मैदानावर उघडते, म्हणजे मला रोज सकाळी बाल्कनीचं फुकट तिकीट. रांगा लागल्या, की कवायतीचे सर शिट्टी फुंकत मधून फिरायचे, आणि जवळजवळ रोज एका मुलीला बाहेर काढून पाण्याच्या टाकीशी उभं करायचे. “खांदा वर! ढिली उभी राहू नकोस! सरळ!” त्यांचा आवाज चांगला आहे, शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. त्या मुलीचे शिस्तीचे गुण दर परीक्षेला कापले जात होते. हाडाला शिस्त नाही म्हणून शिक्षा! असला न्याय मी भयंकरात भयंकर नाटकातल्या राजालाही करताना पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी बहीण मोठ्या सरांकडे गेली. मुलीला हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवा, पालकांना बोलवा, म्हणाली. मोठ्या सरांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “पण वाकवायचं कुठं लिहिलंय, बाई? अभ्यासक्रमात ‘आकृती काढा’ आहे.” पालकांना मात्र बोलावणं गेलं. ‘वर्गात झालेल्या प्रकाराबद्दल’ असं.

त्यामुळे शिंपीणबाई शाळेत न जाता थेट आमच्या दारात आल्या. मुलीचं मनगट धरून. दार मी उघडलं.

“त्या हाडंवाल्या बाई इथंच राहतात ना?”

“या, आत या. पाणी—”

“पाणी नको मला! सगळ्या वर्गासमोर माझ्या मुलीला वाकडी ठरवलं त्यांनी. उद्या गल्लीत नाव पडेल तिचं! बाई, तुम्हाला मुलगी असती तर केलं असतं असं?”

बहीण आतून आली. ती गप्प बसेल असं मला वाटलंच नव्हतं. “वाकडी मी नाही केली हो! मी फक्त बघितली. तुम्ही रोज बघता, तुम्हाला दिसली नाही?”

“दप्तरामुळं होतं ते! एकाच खांद्यावर घेते. मी तिला रोज ओरडते.”

“दप्तरानं बरगड्या फिरत नाहीत!”

“तुम्ही काय डॉक्टर आहात?”

“नाही. म्हणून तर डॉक्टरकडे न्या म्हणते आहे, कधीची!”

दोघी एवढ्या जवळ उभ्या होत्या, की मधून वारा जायला जागा नव्हती. मी दोघींच्या मधली ती मुलगी बघत होते. उन्हाच्या दिशेला खिडकी होती आणि तिच्या सदऱ्यावर तिरपा उजेड पडला होता. आमच्या कंपनीत मी पुष्कळ वर्षं कपडेपट सांभाळला आहे. कुबड्या दासीला कुबड द्यायचं तर आम्ही एका खांद्यात कापूस भरायचो. या सदऱ्याच्या एका खांद्यात कापूस होता. पण तो खाली बसलेल्या खांद्यात होता. आणि सदऱ्याची खालची किनार एका बाजूनं दुसरीपेक्षा बोटभर जास्त सोडलेली.

मी म्हटलं, “शिंपीणबाई, हात फार सुरेख आहे तुमचा. अंगावर कुठं एक सुरकुती नाही. हा सदरा असा कधीपासून शिवता?”

त्या एकदम थांबल्या. राग गेला नाही, पण त्याला पाय टेकायला जागा राहिली नाही.

“मला वाटलं, माझं कापणं चुकतंय,” त्या हळू म्हणाल्या. “मागच्या गणवेशाच्या वेळी एक बाजू वर उचलायला लागली. मी म्हटलं, आपली नजर गेली बहुतेक. थोडं सोडलं. मग पुढच्या वेळी आणखी थोडं. खांदा बसेना म्हणून आत पॅड दिलं. आता नीट बसतो.”

“तुम्ही कापड सरळ केलंत!” बहीण कडाडली. “मुलगी वळत गेली आणि तुम्ही कापड सरळ करत गेलात! वर्ष घालवलंत वर्ष!”

“बास!” मी माझा जुना, शेवटच्या रांगेचा आवाज लावला. “वर्ष यांनी एकटीनं घालवलं का? तुझ्या शाळेनं मुलीला रोज टाकीशी उभी केली, तिथं कोण होतं? निदान या तिच्यासाठी टाके तरी घालत होत्या.”

मग आतापर्यंत मनगट आईच्या हातात देऊन उभी असलेली मुलगी बोलली. आवाज रडका नव्हता. वैतागलेला होता.

“सर रोज म्हणतात, सरळ उभी राहा. मी सरळच उभी असते. याच्याहून सरळ मला येत नाही.”

बहिणीनं तिला विचारलं, “आतल्या खोलीत जाऊन आईला नुसत्या बनियनवर पाठ दाखवशील?” मुलीनं मान डोलावली. आत गेल्यावर बहिणीनं शिंपीणबाईंच्या हातात त्यांच्याच ओळखीची वस्तू दिली, जाडसर दोरा. खाली एक किल्ली बांधली. “मानेचं हे वर आलेलं हाड आहे ना, त्यावर धरा. दोरा खोटं बोलत नाही, तुम्हाला माहीत आहे.” दोरा सरळ खाली लोंबला. मुलीची पाठ त्याच्या एका बाजूला गेली आणि कमरेशी परत दुसरीकडे आली. शिंपीणबाईंनी दोरा पुन्हा पुन्हा धरून पाहिला. मग त्या माझ्या पलंगावर बसल्या आणि म्हणाल्या, “कुठल्या डॉक्टरकडे जायचं ते सांगा.”

हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. ते म्हणाले, पाठीच्या कण्याला बाक आहे आणि तो पिळलाही गेला आहे. दप्तराचा दोष नाही, झोपण्याचा नाही, आळसाचा तर मुळीच नाही. बऱ्याच मुलींना या वयात होतं आणि का होतं ते नीट सांगता येत नाही. मुलीची उंची अजून वाढते आहे, म्हणून ब्रेस घालून बाक वाढायचा थांबवता येईल. पण दिवसाचा बहुतेक वेळ तो अंगावर हवा, शाळेतसुद्धा. ढिलाई झाली तर पुढं ऑपरेशनची गोष्ट करावी लागेल. “आणखी आधी आला असता तर बरं झालं असतं,” असंही ते म्हणाले, आणि बहीण खुर्चीतून उठून दाराबाहेर जाऊन उभी राहिली.

ब्रेस आला. बगलेपासून कमरेखालपर्यंत टणक प्लॅस्टिकचा, मागं पट्टे. मुलगी म्हणाली, “कासव झालंय माझं.” पण घालू लागली.

पहिल्या आठवड्यातच मी गॅलरीतून पाहिलं, रांगा लागल्या होत्या आणि कवायतीच्या सरांनी तिला परत बाहेर काढलं. सदऱ्यातून ब्रेस फुगून दिसत होता. “गणवेशाच्या आत हे काय कोंबलंय?” संपूर्ण मैदानानं ऐकलं. त्यानंतर त्या मुलीचा सदरा रांगेत फुगलेला दिसेना. मला बरं वाटलं. बहिणीला वाटलं नाही. मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेचं कपाट उघडलं तर काचेच्या नळ्यांच्या मागं, वर्तमानपत्रात गुंडाळलेला, ब्रेस! पोरगी सकाळी शाळेत आली की तो काढून तिथं ठेवायची आणि सुटताना घालून घरी जायची.

दुसऱ्या दिवशीची सकाळ मला मिळालेल्या सगळ्या पदकांपेक्षा मोठी. रांगा लागलेल्या, शिट्टी वाजलेली, आणि माझी बहीण पदर खोचून मैदानात उतरली. हातात तो ब्रेस.

“सर, हे धरा.”

“बाई, आत्ता कवायत—”

“धरा म्हणते ना! वजन बघा. ही मुलगी हे घालून जेवते, झोपते. तिची पाठ आणखी वाकू नये म्हणून. आणि तुमच्या भीतीनं ती हे माझ्या कपाटात ठेवते! सांगा, वर्षभर तुम्ही तिला कशाची शिक्षा केलीत?”

सरांच्या तोंडातली शिट्टी तशीच होती. ती काढून ते म्हणाले, “मला वाटलं आळस.”

“विचारलंत तिला?”

“मुलांना काय विचारायचं, बाई? रांग सरळ दिसली पाहिजे.”

“रांग सरळ दिसली पाहिजे!” हे वाक्य तिनं असं उच्चारलं, की मला लाज वाटली, मी उगीच राण्या केल्या. “मग रांगेला ब्रेस घाला! ही उद्यापासून ब्रेस घालून उभी राहील. आणि टाकीशी नाही.”

सरांनी ब्रेस उलटासुलटा करून पाहिला. खरं सांगते, माणूस दुष्ट नव्हता. त्यांनी फक्त विचारलं, “मग कुठं उभी करू?”

“उंचीप्रमाणे येते तिथं.”

मोठ्या सरांनी बहिणीला बोलावून घेतलं आणि शिस्तीचा भंग झाला म्हणून बोलले. शिवाय कण्याचा धडा यापुढं फक्त आकृतीनं शिकवावा, असं ठरलं. ती आजही वाकवूनच शिकवते. दर वर्षी बोलणी खाते.

ब्रेस मात्र पुन्हा कपाटात गेला नाही. पुढच्या तपासणीला आम्ही तिघीही मुलीबरोबर गेलो. डॉक्टरांनी जुना आणि नवा एक्स-रे शेजारी लावला आणि म्हणाले, “वाढलेला नाही. असंच चालू ठेवा.” शिंपीणबाईंनी हात जोडले. मग विचारलं, “आणि आहे तो?”

“आहे तेवढा राहील.”

बाहेरच्या जिन्यात बहीण भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी म्हटलं, “अगं, थांबला ना तो? हस की जरा.”

“थांबला. मागच्या वर्षी थांबला असता, तर कमी असता,” ती म्हणाली. “कुणाच्या नावानं ओरडू, ते सांग.”

खाली आई-मुलीचं काहीतरी सुरू झालं होतं.

“नवा सदरा दोन्हीकडून सारखा काप,” मुलगी म्हणत होती. “पॅड नको.”

“अगं, एका बाजूनं उचलला जाईल.”

“जाऊ दे.”

“जाऊ दे काय! लोक म्हणतील, शिंपिणीला सदरा कापता येत नाही.”

“मग त्यांना सांग ना, सदरा बरोबर आहे म्हणून!”

“तोंड बघ किती सुटलंय! कुणी शिकवलं हे?”

दोघी भांडत भांडत जिना उतरल्या. शिंपीणबाईंनी वळून माझ्या बहिणीकडे रागानं पाहिलं. माझी बहीण त्या भांडणात पडली नाही. पायरीवर पिशवी ठेवून, त्या मुलीची पाठ खाली जाताना ती बघत राहिली.