हात गरम करून देणारा

आमच्या कॉन्सुएलो गावच्या फडात मी ऊस तोडला, पुढे कारखान्यात ऊस टाकतात त्या गव्हाणीवर राहिलो. कोण राबतो आणि कोण राबल्यासारखं करतो, हे मला पाठीवरून कळतं. शेजारच्या एलिजिओएवढा राबलेला बेसबॉलवाला मी पाहिला नाही.

तो कॅचर. उकिडवं बसायचं, चेंडू झेलायचा, परत फेकायचा. अमेरिकेतल्या एका क्लबाने त्याला आणि आमच्याच गल्लीतल्या रादामेसला एकत्र नेलं. रादामेस पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा; क्लबाला हवा होता तो. पण सामन्यात उतरण्याआधी पिचरांना हात गरम करावा लागतो, त्यासाठी समोर कोणीतरी बसावं लागतं. तो एलिजिओ.

त्याला वाटायचं, नीट झेललं तर सामन्यात उतरवतील. म्हणून तो आणखी नीट झेलायचा. बोटं वाकडी झाली, गुडघे गेले. सामना कुंपणाआडूनच बघायचा. आई फोनवर म्हणायची, “टीव्हीवर तुझी टोपी तरी दिसू दे रे.”

मग एका सामन्यात मुख्य कॅचरचा अंगठा मोडला. दुसरा तापाने पडलेला. प्रशिक्षकाने हाक मारली, “एलिजिओ, चल.” तो उठला.

रादामेस म्हणाला, “याला नेऊ नका, साहेब. मला उतरायचंय. याच्यासारखा हात कोणी गरम करून देत नाही. सोनं आहे हा.”

मग तिसऱ्या बेसवरच्या गड्याला कॅचरचा मुखवटा चढवला. त्याच्या हातून चेंडू सुटले, पण तो खेळला. एलिजिओ परत उकिडवा बसला. हे त्याने मला एकदाच सांगितलं.

हंगाम संपल्यावर क्लबाने त्याला घरी पाठवलं. कारण दिलं, याच्या नावावर एकही सामना नाही.

परवा रादामेस गावी आला. कोपऱ्यावरच्या दुकानात सगळ्यांना बिअर पाजली. एलिजिओच्या गळ्यात हात टाकून म्हणाला, “गड्या, तुझ्यामुळे मी झालो. सगळ्यांना सांगतो मी तिकडे.”

“मला खेळायचं होतं. माहीत होतं तुला?”

“होतं ना. कुणाला माहीत नव्हतं?” रादामेस हसला. “पण गुडघे बघ तुझे, म्हाताऱ्या. टिकला असतास का?”

एलिजिओने भरलेली बाटली फळीवर ठेवली आणि लंगडत घराकडे गेला. रादामेसने ती उचलून पुढच्याच्या हातात दिली.