टेलरबाई आल्याशिवाय प्रार्थना नाही

टेलरबाईच्या नवऱ्याला मोठं चर्च पसंत होतं. हजार माणसांत बायकोचा सुजलेला डोळा कोण बघतंय? पण तिने मेकॅनिकच्या गॅरेजात जमणारी छोटी मंडळी धरली, तेव्हा त्याचं पित्त खवळलं. तिथे सगळे आल्याशिवाय प्रार्थना सुरूच होत नसे.

त्या रविवारी त्याने आतून कडी घातली. "चारचौघांत माझी अब्रू काढतेस?" म्हणत त्याने तिचं डोकं शिलाई मशीनवर आपटलं. तिचा दात पडला, तोंडात रक्त भरलं. त्याने इस्त्री उचलली, तेवढ्यात दार धडधडलं.

"टेलरबाई, आम्ही खोळंबलोय गं!" मेकॅनिकच्या आईचा आवाज आला.

"ती आजारी आहे. तुम्ही उरकून घ्या!" नवरा ओरडला.

"उरकायला प्रार्थना म्हणजे काय भांडी आहेत? पोरा, तोड रे दार!"

मेकॅनिकने पहारीने दार उखडलं. फेकलेली इस्त्री त्याच्या खांद्यात बसली, तरी त्याने नवऱ्याला भिंतीशी दाबून धरलं.

म्हातारीने टेलरबाईला उठवलं. "चल दवाखान्यात. डॉक्टरांना काय सांगशील?"

"दर वेळी जिन्यावरून पडले म्हणायचे," टेलरबाई रक्त थुंकून म्हणाली. "आज ह्याचं नाव सांगते."