भरलेलं जाळं

वसईला मित्राच्या ओटीवर आम्ही दर रविवारी फाशांचा खेळ खेळतो. मित्र गोष्ट रचतो, आम्ही तिघं तिच्यातले वीर बनतो आणि तो आमच्यावर संकटं सोडतो. त्या दिवशी त्याने आमच्या नवशिक्या वीरांवर डोंगराएवढा राक्षस सोडला आणि वर म्हणाला, "पळा!" एवढा मिळवलेला खजिना टाकून? हा खेळ आहे की सूड? मी फासे भिरकावले.

एक फासा पायरीवर बोंबील साफ करणाऱ्या मासळीवालीच्या पाटीत पडला. तिने तो पदराला पुसून माझ्या हातावर ठेवला. "कशाला तापलास रे?" मी सगळं सांगितलं.

"वारा फिरला की माजा घरवाला भरलेलं जालं कापून टाकतो," ती म्हणाली. "घरी येऊन दर्याला शिव्या देतो. पन घरी येतो."

मी खजिना टाकला आणि पळालो. मित्राला शिव्या मात्र मनसोक्त दिल्या.