जास्वंदीवरच्या मुंग्या

रहाटणीहून चालत येणाऱ्या माळीबाबांमुळे माझं काम टिकलं आणि डोक्यावरचं छप्परही. हे आधीच सांगून टाकते, कारण सांगायला हवं होतं तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

मी रत्नागिरीकडची. चौथीतच शाळा सुटली, पुढे लग्न होऊन चिंचवडला आले. यजमान पिंपरीच्या नव्या कारखान्यात रोजंदारीवर. मला गावाबाहेरच्या रोपवाटिकेत काम मिळालं आणि राहायला तिथलीच खोली. काम गेलं की खोली गेली, हे मालकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

यजमान कायम व्हावेत म्हणून आईनं सांगितल्याप्रमाणे मी रोज सकाळी मुंग्यांना पीठ-गूळ घालायची. माझ्याकडच्या जास्वंदीच्या कुंड्यांतच. उन्हाळा लागला तशी शेंड्यांवर कापसासारखी पांढरी कीड धरली. पिठ्या ढेकूण. साबणाच्या पाण्यानं धुवावं, तर चार दिवसांत पुन्हा तेच. पानं आकसली, कळ्या गळाल्या. ती रोपं कारखान्याच्या कुंपणाला जायची होती.

रोपवाटिकेत कलमं बांधणाऱ्या माळीबाबांनी एक कुंडी उचलून पाहिली. मातीवर गूळ, खोडावर मुंग्यांची रांग.

"पोरी, पिठ्याचा गोड चिकटा मुंगी खाती. म्हणून त्याला गुरावानी राखती. आन तू राखणदारालाच जेवाय घालतीस व्हय?"

मी रडायलाच लागले. रडून पिठ्या मरत न्हाई म्हणाले, आणि मला तंबाखू उकळायला बसवलं. त्या काढ्यात साबण घालून आम्ही फडक्यानं एकेक शेंडा पुसला, फार किडलेले जाळले. मुंग्या चढू नयेत म्हणून कुंड्या पाण्यात विटांवर ठेवल्या. तरी कुंड्यांच्या दोन रांगा वाया गेल्याच.

मालकांनी विचारलं, ही कुणाची करणी? मी खाली बघत उभी.

"कीड लागलीया म्हून पोरीनं मला सांगितलं हुतं, मालक. मीच मनावर घेतलं न्हाई," माळीबाबा म्हणाले.

मालकांनी त्यांच्याकडचं कलमं बांधायचं काम काढून घेतलं. आयुष्यभर त्यांनी तेच केलं होतं. आता विहिरीचं पाणी ओढतात. गुडघे धरून बसलेले दिसतात. मालकांना खरं सांगते म्हटलं, तर माळीबाबा माझ्यावरच रागावले: खोली गेली तर जाशील कुठं?

अजून मी गप्पच आहे. यजमान कायम झाले, आमचं स्वतःचं घर झालं, की आधी मालकांकडे जाऊन सगळं सांगेन. त्या घरात माळीबाबांची एक खोली असेल, आणि तिथून त्यांना कुणी ऊठ म्हणणार नाही.