रथ जोडा

रविवार, सदर भागातला हॉल, जुन्या पौराणिक नाटकाची तालीम. हजर: राजा, प्रधान, पेटीवाले, मी आणि मागच्या खुर्चीतले एक अनोळखी गृहस्थ.

ते दर तालमीला येत आणि कापडी पिशवी मांडीवर घेऊन बसत. आजारी राजा "प्रधानजी, रथ जोडा" म्हणाला, की ते उठून उभे राहत आणि पुन्हा बसत.

रंगमंचाची व्यवस्था माझ्याकडे होती. प्रधानानं विचारलं, "दीदी, घोड्यांच्या टापा मोबाइलवर वाजवू काय?"

"वाजव. आणि लगबगीनं बाहेर जा."

"नका पाठवू त्याला," गृहस्थ पहिल्यांदाच बोलले. "रथ कुठला जी? राजा मरून राहिला."

पिशवीचे बंद बोटांना गुंडाळत ते म्हणाले, "आमचे बाबाही म्हणाले होते, गाडी लागली, तिकीट काढ. मी खरंच स्टेशनवर गेलो. तिकीट घेऊन आलो, तोवर ते गेले होते."

टापा मी रद्द केल्या. प्रधान आता बाहेर जात नाही. पण राजाजवळ बसून त्यानं काय करायचं, ते अजून ठरलेलं नाही.