टकलीपुढच्या खुणा

माकडांच्या पिंजऱ्यांची झाडलोट करण्यात मावशीची सव्वीस वर्षं गेली होती. प्राणिसंग्रहालयात तिचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं आणि तिच्या तोंडी लागायला साहेबलोकही कचरत. राग कायम नाकावर. पण यंदा तो पार मस्तकात गेला.

नव्या डॉक्टरांनी तिला एक तक्ता दिला होता. दर दहा मिनिटांनी बघायचं, कुठलं माकड कुठं बसलंय, आणि खूण करायची: वर, मध्ये की खाली. मावशीने इमानेइतबारे खुणा केल्या. टकली नावाच्या म्हाताऱ्या माकडिणीपुढे महिनाभर एकच रकाना भरला, खाली.

डॉक्टरांनी तक्ता वाचून फर्मान काढलं, "एवढीशीच जागा लागते तिला. मागच्या लहान पिंजऱ्यात हलवा."

मावशीचं पित्त खवळलं. "अहो, पिंजऱ्यातल्या चढायच्या फळ्यांमधलं अंतर बघा की! गुडघे गेलेत तिचे. मध्ये एक फळी ठोका म्हणून दोन वर्षं घसा कोरडा करतेय मी. आणि खाली काय नुसती बसते का? सगळी पिल्लं तिच्याकडंच उतरतात, उवा काढून घ्यायला."

"तक्त्यात तसं काही दिसत नाही, मावशी."

"रकाना दिलाय का त्याला? तुम्हीपण दिवसभर एकाच खुर्चीत असता. मग बाकीची खोली भिंत घालून बंद करू?"

डॉक्टर हसले. ते हसणं मावशीला झोंबलं, आणि खुणा आपल्याच हातच्या होत्या हे त्याहून जास्त झोंबलं.

टकलीला हलवलं. त्या खुराड्यात ती चारही बाजू चाचपत फिरू लागली. पलीकडून पिल्लांचा आवाज आला की धडपडत जाळीवर चढायची आणि धपकन खाली यायची. मावशी दातओठ खात बघायची. तक्ता तिथंही भरायचाच होता.

आठवड्याने डॉक्टरांनी तो हातात घेतला. वर, मध्ये, खाली, सगळीकडे खुणाच खुणा. ते खूश झाले. "बघा मावशी, आता कसा सगळ्या जागेचा वापर करतेय! चांगली मानवली तिला."

"दार शोधतेय ती!" मावशी एवढ्या जोरात ओरडली की शेजारच्या खोलीतली माणसं बाहेर आली.

मग तिने पेन्सिल डॉक्टरांच्या टेबलावर आपटली, खुंटीवरची किल्ली उचलली आणि कुणालाही न विचारता टकलीच्या पिंजऱ्याचं कुलूप काढायला निघाली.