वांग्याच्या वाफ्यातली ताजी मळी

रिटायर झाल्यावर पहिल्याच थंडीत मी घरामागच्या भाजीच्या वाफ्यांत लक्ष घालायचं ठरवलं. बायकोनं ते ऐकून कपाळावर हात मारून घेतला. मी उभा जन्म साखर कारखान्यात काढला होता आणि ऊस सोडून दुसरं काही उगवलेलं जवळून पाहिलं नव्हतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मेथी, मुळा, कोथिंबीर यांच्या वाफ्यांत मी काहीही करावं, तिची हरकत नव्हती. तिचा जीव अडकला होता तो वांग्याच्या एका वाफ्यात. तिची आई त्याच पावसाळ्यात गेली होती. नेसरीला, माहेरच्या घरात, आईच्या हातची चिमूटभर बियांची एक पुरचुंडी सापडली, हिरव्या पट्ट्याच्या काटेरी वांग्यांची. ते बी दुसऱ्या कुणाकडे उरलं नव्हतं. बायकोनं ते सगळंच्या सगळं पेरलं, वीसेक रोपं वाफ्यात लावली आणि आठ दिवसांसाठी भावाकडे गेली. जाताना म्हणाली, "सकाळी पाणी तेवढं घाला. बाकी कशाला हात लावू नगासा."

मी गप्प बसणारा असतो तर काय हवं होतं! गाळप नुकतंच सुरू झालेलं. उसाचा रस गाळून मागे राहणारी मळी कारखान्यात ढिगानं पडलेली, आणि मळीसारखं खत नाही हे आमच्या भागात सगळेच सांगतात. मी ओळखीच्या ट्रॅक्टरवाल्याकडून चार पोती आणवली. वांग्याच्या रोपांभोवती वीतभर थर दिला, वरून उसाचं पाचट पसरलं आणि भरपूर पाणी सोडलं. थंडी वाढली होती, पहाटे दव पडत होतं. रोपांना पांघरूण घातल्याचं समाधान वाटलं.

तिसऱ्या दिवशी पाचटाखाली हात घातला तर आत चांगलं ऊबदार लागलं. मी खूश झालो. बाहेर एवढा गारठा आणि आपली रोपं मजेत, म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून दाखवायचंच बाकी होतं. पाचव्या दिवशी दुपारी रोपांनी माना टाकल्या. एक उपटून पाहिलं, तर मुळं तपकिरी होऊन गळालेली. ताजी मळी कुजताना तापते. महिनोन्‌महिने उघड्यावर पडून थंड झाल्याशिवाय ती घालायची नसते. कारखान्यातून मळी बाहेर पडताना मी रोज बघत होतो. पुढे तिचं काय होतं, हे बघायला कधी गेलो नव्हतो.

बायको आली ती पिशवी हातात घेऊनच मागच्या दारी गेली. खाली बसली, बोटानं माती उकरली. "ह्यात काय घातलासा?"

मी सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "आई दुसऱ्यांदा गेली माझी." मग पदर तोंडाला लावून रडली. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

संध्याकाळपर्यंत मी हातानं सगळी मळी उपसली. कडेला, जिथं थर पोचला नव्हता, तिथं दोन रोपं जिवंत सापडली. त्यांतलं एक पुढं वाळून गेलं. दुसरं टिकलं आणि त्याला फेब्रुवारीत सहा वांगी धरली. तिनं एकही तोडू दिलं नाही. भरल्या वांग्यासाठी आम्ही बाजारातून वांगी आणत होतो आणि दारची वांगी झाडावर पिवळी होत होती.

पिकल्यावर तिनं बी धुतलं, राखेत घोळून वाळवलं आणि दोन पुरचुंड्या बांधल्या. एक डब्यात ठेवली. दुसरी माझ्या हातात देत म्हणाली, "ही गल्लीच्या टोकाच्या काकूंकडं देऊन या. सगळं बी आपल्या घरात ठेवायला नगो."

मी चपला घातल्या आणि निमूट देऊन आलो.